मोफत वकील मिळतो, पाठपुरावा मात्र आपणच करायचा : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अनुभव

राज्यातील प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात कोठेतरी ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ अशी पाटी असते आणि न्यायालयात वर्षानुवर्षे तारखांना येणारे पक्षकारही ती न्यायाधीशांच्या कामकाजाची एखादी शाखा असावी, असे समजून तिच्यासमोरून निघून जातात. ज्यांच्याकडे वकिलाच्या फीचे पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हे कार्यालय आहे. शिक्षिकेची नोकरी संपल्यानंतर ओळखीच्या लोकांचे अर्ज लिहून देणे, त्यांच्याबरोबर कचेरीत जाणे हे काम मी आवडीने करते आणि त्या निमित्ताने पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी या सेवेशी माझा बऱ्यापैकी संबंध आला. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण तेथील सचिव बदलतात, कर्मचारी बदलतात आणि ज्या उणिवा मला दिसल्या, त्या शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या लोकांनीही जवळजवळ त्याच शब्दांत सांगितल्या आहेत. माझे मत आधीच सांगून टाकते. प्रकरण न्यायालयात दाखल होईपर्यंतची सेवा उत्तम आहे, गावातील पैसे घेणाऱ्या अनेक वकिलांपेक्षा सरस आहे. वकील नेमून झाल्यानंतरची सेवा मात्र त्या वकिलाच्या स्वभावावर आणि आपल्या चिवटपणावर अवलंबून राहते.

ही मदत म्हणजे सरकारने गरिबांवर केलेली मेहेरबानी आहे, असा समज घेऊन लोक तेथे जातात, म्हणून तिचा आधार काय, हे थोडक्यात सांगायला हवे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला आणि आर्थिक किंवा अन्य अडचणीमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी मोफत विधी सहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ हा दिवस उजाडावा लागला. या कायद्याखाली दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण, मुंबईत राज्य प्राधिकरण, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती अशी उतरंड आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि रोजचे काम पाहणारे सचिवही न्यायाधीश असतात. या हक्काच्या घडणीत महाराष्ट्रातून गेलेल्या दोन प्रकरणांचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९७८ च्या होसकोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील व्यक्तीला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य केला, तर १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील महिला कैद्यांविषयी पाठवलेल्या पत्रावरून, अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे, असा आदेश दिला.

पात्रतेविषयी गैरसमज इतके आहेत की सेवा चांगली असूनही लोक दारापर्यंत येत नाहीत. कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, पूर, भूकंप, दुष्काळ किंवा जातीय अत्याचाराने पीडित आणि कोठडीत असलेली व्यक्ती या सर्वांना उत्पन्न कितीही असले तरी ही मदत मिळते. उत्पन्नाची मर्यादा राहते ती इतरांसाठी, आणि महाराष्ट्रात ती वार्षिक तीन लाख रुपये आहे. याचा अर्थ असा की, नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी बागायतदाराच्या घरात राहत असली, तरी तिला मोफत वकील मागता येतो. ज्यांना उत्पन्न दाखवावे लागते, त्यांच्याकडूनही केवळ प्रतिज्ञापत्र घेऊन काम भागते, कारण प्राधिकरणाला त्यावर अविश्वास ठेवण्याजोगे काही कारण नसेल तर ते पुरेसे मानता येते, असे कलम १३ सांगते. प्रत्यक्षात मात्र टेबलावरचा माणूस सवयीने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतो, मग अर्जदार सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो आणि तलाठ्याच्या सहीवाचून आठवडा जातो. मी ज्या बाईंबरोबर गेले होते, त्यांच्याकडेही हा दाखला मागण्यात आला. ‘स्त्री अर्जदाराला उत्पन्नाची अटच नाही’, एवढे सांगताच तो आग्रह थांबला, पण सोबत सांगणारे कोणी नसते तर त्या परत गेल्या असत्या. न्यायालयाबाहेरच्या टंकलेखकानेही प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक आणायला सांगितले होते. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे आणि तरीही तो मुद्रांक विकणारे व विकत घेणारे दोघेही अजून संपलेले नाहीत.

या बाई म्हणजे मी शिकवलेल्या एका मुलीची आई. दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जातात, दोन मुलांना घेऊन भावाच्या पडवीत राहतात, आणि नवरा त्यांना पैसा देत नाही. मागणी एकच होती, पोटगी मिळावी.

प्राधिकरणाच्या फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे आलेल्या माणसाला प्रथम भेटणाऱ्या खोलीत, सल्ला देण्यासाठी आळीपाळीने वकील बसतात. त्या दिवशी बसलेले वकील तरुण होते. त्यांनी प्रथम बाईंना खुर्ची दिली, माझ्याकडे न पाहता सगळे प्रश्न त्यांनाच विचारले आणि त्या रडू लागल्यावर कागद बाजूला ठेवून थांबले. यात विशेष काय, असे वाटेल. पण न्यायालयाच्या आवारात गरीब पक्षकाराशी कसे बोलले जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे मोल कळेल. त्यानंतर जे झाले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. नवऱ्याची कमाई किती, या प्रश्नावर बाईंचे उत्तर ‘काय ठावं, कधी सांगितलंच न्हाई’ असे होते आणि बहुतेक वकील अशा वेळी अंदाजाने एक आकडा टाकून मोकळे होतात, जो पुढे उलटतपासणीत टिकत नाही. या वकिलांनी विचारले, “ताई, घरात जनावरं किती आहेत? दूध कोणत्या संस्थेला घालतात? उसाची नोंद कारखान्यात कोणाच्या नावावर आहे, सासऱ्यांच्या की त्यांच्या?” बाईंना कमाईचा आकडा माहीत नव्हता, पण गोठ्यातील म्हशी, डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर आणि गेल्या हंगामात ऊस कोणत्या गाडीने गेला, हे सर्व त्यांना तोंडपाठ होते. अर्ध्या तासात त्या कुटुंबाच्या उत्पन्नाचे चित्र कागदावर उतरले. वकिलांनी आपल्याच मोबाइलवर गट क्रमांक टाकून सातबारा काढला आणि त्यावर सामनेवाल्याचे, म्हणजे नवऱ्याचे, नाव वारस नोंदीने लागले असल्याचे दाखवले.

मसुदाही तेथेच मराठीत तयार झाला आणि सहीपूर्वी वाचून दाखवण्यात आला. ‘अर्जदार ही माहेरी निघून आली’ असे एक वाक्य त्यात होते. ‘निघून न्हाई आले, पोरांसकट बाहेर काढलं’, असे बाई म्हणाल्या आणि वाक्य बदलले गेले. पोटगीच्या प्रकरणात पत्नी पुरेशा कारणाशिवाय वेगळी राहते, हा नवऱ्याचा ठरलेला बचाव असतो, त्यामुळे त्या एका क्रियापदावर पुढचे बरेच काही अवलंबून होते. मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्रही सोबत जोडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना असे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही सांगितले. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून वर गेले होते. आमच्या गावातील, चांगली फी घेणाऱ्या एका वकिलांनी हे प्रतिज्ञापत्र न जोडल्यामुळे एका ओळखीच्या मुलीचा अर्ज कितीतरी तारखा रेंगाळलेला मी पाहिला आहे, म्हणून मोफत सेवेतील या काळजीची येथे आवर्जून नोंद करते.

अर्ज दाखल करण्यापूर्वी प्राधिकरणाने सामनेवाल्याला पत्र पाठवून समेटासाठी बोलावले. न्यायालयाच्या आवारातून आलेल्या पत्राचा दबदबा निराळाच असतो. आधी कोणाचाही फोन न घेणारा नवरा थोरल्या भावाला घेऊन वेळेआधी हजर झाला. समेट झाला नाही. येथे मला एक गोष्ट खटकली. मध्यस्थीच्या खोलीबाहेर बसलेल्या विधी स्वयंसेविकेने बाईंना ‘संसार म्हटला की थोडं सोसावं लागतं, पोरांकडे बघा’, असा उपदेश सुरू केला. हे स्वयंसेवक गावपातळीवर प्राधिकरणाचे हातपाय असतात, अनेक जण मनापासून काम करतात आणि त्यांना मिळणारा भत्ता जेमतेम असतो हे मला मान्य आहे. तरीही पोरांसकट घराबाहेर काढलेल्या स्त्रीला नांदायला जाण्याचा सल्ला देण्यासाठी सरकारने कार्यालय उघडण्याची गरज नव्हती. ते काम नातेवाईक विनामूल्य करतातच. मध्यस्थ न्यायालयीन प्रशिक्षण घेतलेले होते आणि त्यांनी असे काहीही सुचवले नाही, हेही सांगायला हवे.

आता वकील नेमल्यानंतरच्या भागाकडे येते. पॅनेलवरील, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतील, वकिलाच्या नेमणुकीचे पत्र लवकर आले. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा, असा राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांचा दंडक आहे आणि आमच्या बाबतीत तो पाळला गेला. मसुदा करणारे तरुण वकीलच मिळतील, अशी आमची समजूत होती. नेमणूक मात्र दुसऱ्यांची झाली. पॅनेलवरील अमुक वकील हवा, अशी विनंती अर्जदाराला करता येते आणि तिचा विचार व्हावा, असे विनियमांत आहे, पण अर्जाच्या नमुन्यात ती जागा कोणी आम्हाला दाखवली नाही. त्यामुळे ज्या माणसाने दूध, ऊस आणि ट्रॅक्टरचे सगळे टिपण केले होते, त्याचा पुढे प्रकरणाशी संबंध राहिला नाही आणि नव्या वकिलांना ते सर्व पुन्हा सांगावे लागले. फाइलवर ती माहिती होती. फाइल वाचायला त्यांना सवड नव्हती.

हे वकील वाईट होते, असे मी म्हणणार नाही. त्यांची स्वतःची वकिली जोरात होती आणि प्राधिकरणाचे काम त्यांच्या यादीत शेवटी होते. मानधन कमी, तेही टप्प्याटप्प्याने आणि कागदपत्रे सादर केल्यावर, अशी त्यांची अडचण त्यांनी स्वतःच बोलून दाखवली आणि ती खोटी नव्हती. पण परिणाम भोगला तो बाईंनी. तारखेला त्या सकाळची पहिली एसटी धरून यायच्या, दिवसाची मजुरी बुडायची आणि वकिलांऐवजी त्यांचा ज्युनिअर पुढची तारीख घेऊन जायचा. एकदा सामनेवाल्याने म्हणणे देण्यासाठी मुदतीचा अर्ज दिला, तेव्हा आमच्या बाजूने विरोध नोंदवायला कोणीच उभे नव्हते, हे आम्हाला नंतर रोजनाम्यावरून, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीवरून, कळले. अंतरिम पोटगीचा अर्ज सामनेवाल्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, अशी कायद्यात तरतूद आहे. ही तरतूद आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. तिची आठवण न्यायालयाला करून द्यायची ती वकिलाने.

पैशांची मागणी हा दुसरा प्रश्न. वकिलांनी स्वतः एक रुपयाही मागितला नाही. त्यांच्या कारकुनाने मात्र ‘कोर्ट फीची तिकिटं, टायपिंग आणि झेरॉक्स’ म्हणून काही रक्कम आणायला सांगितली. कायद्याप्रमाणे कोर्ट फी, समन्सचा खर्च, टंकलेखन, प्रमाणित नकला, भाषांतर हे सर्व विधी सहाय्यातच येते आणि पॅनेलवरील वकिलाला लाभार्थ्याकडून कोणताही मोबदला घेण्यास मनाई आहे. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ केलेली आहे. म्हणजे ती ‘तिकिटे’ लागतच नव्हती. बाईंनी भावाकडून पैसे उसने आणून ठेवले होते. ते द्यायचे नाहीत, एवढे मी त्यांना सांगितले आणि कारकुनाला या अधिसूचनेची झेरॉक्स दिली. त्याने ती हसत खिशात टाकली आणि पुन्हा मागणी केली नाही.

शेवटी आम्ही सचिवांकडे लेखी अर्ज केला. त्यात वकिलांविरुद्ध रागाचा एकही शब्द लिहिला नाही; तारखा, रोजनाम्यातील नोंदी आणि वकील बदलून मिळण्याची विनंती एवढेच लिहिले. पॅनेलवरील वकिलांनी प्रकरणाच्या प्रगतीचा अहवाल द्यायचा असतो आणि तो तपासण्यासाठी जिल्हा स्तरावर देखरेख समिती असते, ही माहिती तेव्हा उपयोगी पडली, कारण आम्ही ‘अहवाल आला आहे का’, असे विचारले आणि तो आलेला नव्हता. सचिवांनी आमच्यासमोरच फाइल मागवली. वकील बदलून मिळाले. नव्या वकील मॅडम पहिल्याच तारखेला स्वतः उभ्या राहिल्या आणि अंतरिम अर्जावर युक्तिवाद झाला. याचे श्रेय सचिवांना निश्चित द्यायला हवे. पण अर्ज लिहून देणारे, रोजनामा वाचता येणारे माणूस प्रत्येक शेतमजूर बाईजवळ असेलच असे नाही, आणि देखरेख समिती जर तक्रार आल्यावरच जागी होत असेल, तर जे तक्रार करत नाहीत त्यांच्या फाइली कोण उघडतो, हा प्रश्न उरतोच.

म्हणून जे या सेवेकडे जाणार आहेत त्यांनी नेमणुकीचे पत्र मिळताच प्रकरणाचा सीएनआर क्रमांक मागून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते. सोळा अक्षरे-अंकांचा हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले, ते घरबसल्या दिसते. आमच्या बाईंच्या मुलीने तो आपल्या मोबाइलमध्ये टाकून ठेवला आणि त्यानंतर केवळ तारीख विचारण्यासाठी वकिलांना फोन करण्याची वेळ आली नाही. प्राधिकरणाने हा क्रमांक नेमणुकीनंतर स्वतःहून एसएमएसने कळवायला काहीच हरकत नसावी.

फौजदारी बाजूचे चित्र निराळे आहे आणि सध्या तरी अधिक आशादायक आहे. आरोपींच्या बचावासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये नवी पद्धत आणली. तिच्यात मुख्य, उप आणि सहायक अशा श्रेणींचे वकील पूर्णवेळ नेमले जातात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. आपल्याकडे त्यांना लोक अभिरक्षक म्हणतात. एका हमालाच्या मुलाला चोरीच्या संशयावरून अटक झाली, तेव्हा मी हे काम पाहिले. रिमांडच्या वेळी लोक अभिरक्षक कार्यालयातील वकील न्यायालयात आधीच हजर होते, त्यांनी मुलाशी दोन मिनिटे बोलून घेतले, पोलीस कोठडीला मुद्देसूद विरोध केला आणि जामिनाचा अर्ज लगेच दाखल झाला. वकील रोज त्याच इमारतीत असतो, त्याचे कार्यालय माहीत असते आणि त्याला दुसरी अशिले नसतात, यामुळे पॅनेल पद्धतीतील निम्मी गाऱ्हाणी आपोआप निकालात निघतात. दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणांसाठी अशी पूर्णवेळ व्यवस्था का असू नये, हे मला समजत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हे वकील आरोपीचा बचाव करतात. आपण फिर्यादी असू तर त्या कार्यालयात जाऊन उपयोग नाही, त्यासाठी मूळ प्राधिकरणाकडेच अर्ज करावा लागतो.

लोकअदालतीविषयी लिहिताना जरा हात आखडतो, कारण तिचे कौतुक सर्वत्र छापून येते आणि त्यात तथ्यही आहे. मोटार अपघाताच्या दाव्यांत विमा कंपनीबरोबर तडजोड होऊन विधवेला एकरकमी भरपाईचा आदेश त्याच दिवशी हातात पडतो, दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो. पण राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी आवारात गर्दी करणाऱ्या गरिबांपैकी बरेच जण न्याय मागायला आलेले नसतात. त्यांना बोलावलेले असते. बँकेचे थकीत कर्ज, ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी, वीजबिल, मोबाइल कंपनीची जुनी बाकी अशा वादपूर्व, म्हणजे अजून न्यायालयात दाखल न झालेल्या, प्रकरणांच्या नोटिसा घरी येतात आणि त्यांवर न्यायालयाचे नाव पाहून माणूस घाबरून जातो. आमच्या गल्लीतील एका रिक्षाचालकाने अशी नोटीस म्हणजे वॉरंट समजून बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवण्याची तयारी केली होती. लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय निवाडा होऊ शकत नाही, आपल्याला न परवडणाऱ्या हप्त्यांना ‘नाही’ म्हणता येते, आणि एकदा सही केली की त्यावर अपील नाही, या गोष्टी त्या नोटिशीवर ठळक अक्षरांत मराठीत छापल्या पाहिजेत. मंडपात बँकेची टेबले रांगेने लावलेली असतात, प्रत्येकावर बँकेचा अधिकारी असतो, तडजोड घडवणारे पॅनेल असते. कर्जदाराच्या बाजूने सल्ला देणारे एखादे टेबल असावे, ही सूचना मी लेखी दिली आहे. विधी सहाय्य करणाऱ्या संस्थेच्याच मंडपात गरीब माणूस वकिलाशिवाय तडजोडीवर सही करतो, यातील विसंगती आयोजकांच्या लक्षात येत नाही, असे म्हणवत नाही.

संपर्काचे इतर मार्ग थोडक्यात सांगते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक चालतो. फोन उचलला जातो आणि मराठीत बोलता येते, मात्र उत्तर शेवटी ‘जिल्हा प्राधिकरणात जा’ हेच मिळण्याची शक्यता अधिक. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. घरगुती हिंसाचाराचा प्रश्न असेल आणि जवळ महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असेल, तर मी प्रथम तेथे जायला सांगेन. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेली ही कक्षांची पद्धत आता अनेक जिल्ह्यांत पोहोचली आहे आणि तेथील समाजकार्यकर्त्या प्राधिकरणाच्या खिडकीपेक्षा अधिक वेळ देतात. मुंबईत स्त्रियांच्या प्रकरणांसाठी मजलिससारखी संस्था आहे, पुण्यात आयएलएस विधी महाविद्यालयाचे विधी सहाय्य केंद्र आहे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला मात्र प्राधिकरणावाचून दुसरे दार नाही आणि म्हणूनच ते नीट चालले पाहिजे.

बाईंच्या अर्जावर अंतरिम पोटगीचा आदेश झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. रक्कम मागितली होती तेवढी नाही, पण दुधाच्या हिशेबामुळे नवऱ्याचे ‘मी बेरोजगार आहे’ हे म्हणणे टिकले नाही. आदेशानंतर दोन महिने पैसे आले आणि मग बंद झाले. येथे सेवेतील शेवटची उणीव समोर आली. थकलेल्या पोटगीच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट काढता येत नाही. ही मुदत बाईंना आदेशाच्या वेळी कोणीही सांगितली नव्हती. मूळ प्रकरणात नेमलेल्या वकिलांची जबाबदारी आदेशाबरोबर संपते, असे कार्यालयाचे म्हणणे पडले आणि वसुलीसाठी नव्याने अर्ज, नव्याने आधार कार्ड व रेशन कार्डाच्या प्रती आणि नव्याने नेमणूक, असा सगळा प्रकार पुन्हा करावा लागला. नवीन नेमणूक त्याच वकील मॅडमची झाली, कारण या वेळी आम्ही अर्जातच तशी विनंती लिहिली होती. वसुलीची नोटीस नवऱ्यावर बजावली गेली आहे. बेलिफ गेला तेव्हा तो डेअरीत दूध घालायला आलेला होता आणि नोटीस तेथेच, डेअरीच्या सचिवासमोर, त्याच्या हातात पडली.